सांबराची वरात

धसईला एसटीतून उतरून “हंगेरी कुठं आहे?” असं विचारलं तर कुणी हसत नाही. बाजारात वांगी मांडून बसलेली बाई हातातला तराजू खाली न ठेवता हनुवटीनं दाखवते, “ती चिंच दिसते ना, तिच्या अंगाला.” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पानटपरीवरच्या माणसानं उलट मलाच विचारलं होतं, “वरची का खालची?” वरची हंगेरी म्हणजे राहतं घर आणि खालची हंगेरी म्हणजे ओढ्याकडचं खळं. जगाच्या नकाशावर हंगेरी एकच असेल, धसईत दोन आहेत. एका आजोबांनी तर मला ठामपणे सांगितलं होतं की खरी हंगेरी माळशेज चढून गेलं की लागते आणि तिथली माणसं उंच असतात.

मी गुरांचा डॉक्टर. घाटावरून बदली होऊन आलो आणि भाड्याची खोली शोधत त्या घरी पोचलो. दार उघडलं ते सत्तरीला टेकलेल्या एका उंच बाईंनी. सुती साडी, साडीखाली गमबूट, पांढऱ्या केसांच्या अंबाड्यात खुपसलेल्या दोन पेन्सिली आणि घारे डोळे. सगळं गाव त्यांना ताय म्हणायचं, मी ताई म्हणू लागलो.

“खोली हाय,” त्या म्हणाल्या. “घोरता का तुमी?”

“कधीमधी.”

“कुठल्या पट्टीत?”

सूर आणि मी यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला फक्त ओठ हलवायला सांगायचे. ताईंनी खोली दिली आणि चार-आठ दिवसांनी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत त्यांनी निकाल सांगितला, “काळी दोनमध्ये घोरता, डॉक्टर. चालेल. माझा दुसरा भाग त्याच पट्टीत हाय.”

दुसरा भाग कशाचा, हे मला घरात दोन पावलं टाकल्यावर कळलं होतं. माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत तारा बांधलेल्या आणि त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी मोठमोठे कागद अडकवलेले. कागदांवर पाच-पाच रेघा आणि त्या रेघांवर मुंग्यांची रांग फुटावी तशी काळी टिंबं. स्वयंपाकघरात जायचं तर वाकून जावं लागे. एकेका कागदावर तीस-तीस वाद्यांनी एकाच वेळी काय वाजवायचं ते लिहिलेलं होतं. ताई त्या कागदांमधून गमबूट वाजवत फिरायच्या, अंबाड्यातली पेन्सिल काढून एक टिंब खोडायच्या, दुसरं काढायच्या, आणि तेवढ्यात दूध उतू जायचं. लिहीत असताना कुणी बोललं की त्या फक्त तळहात वर करायच्या. तो हात दिसला की पोस्टमनही फाटकात थांबत असे.

त्यांचे वडील हंगेरीचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात परदेशी यंत्रं बसवायला आलेला फिटर. यंत्रं बसली, बरोबरचे लोक परत गेले, हा माणूस आजारी पडला म्हणून दवाखान्यात राहिला. तिथं त्याला इंजेक्शन द्यायला होती ती मुरबाडकडच्या बुद्धवाडीतली नर्स. पुढचं सांगायला नको. लग्न झालं, ताईंच्या आईची बदली धसईच्या दवाखान्यात झाली, आणि साहेब बायकोच्या मागोमाग पेटी, पाने-पक्कड आणि एक व्हायोलिन घेऊन आले ते कायमचे. गावातले इंजिन, पंप, भातगिरणी, काहीही बिघडलं तरी तेच दुरुस्त करायचे. गेले तेव्हा बुद्धवाडीतल्या मेव्हण्यांनी खांदा दिला.

मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांची नक्कल अख्ख्या गावाकडून ऐकली. साहेब मराठी अस्सल इथलीच बोलायचे, फक्त प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पाय आपटायचे. ताई सांगायच्या, “आमच्या बाबांची भाषाच तशी. पहिला अक्षर जोरात, मंग उतार. त्यांची गाणी पण तशीच. वरून सुरू होतात आणि घाट उतरल्यासारखी खाली येतात.” ताईंचं संगीतही तसंच होतं म्हणे. त्या व्हायोलिन वडलांकडे शिकल्या, मग मुंबईला एका बाईंकडे पियानो आणि स्वरलेखन शिकल्या, कल्याणच्या एका शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, “वेळ कुठं होता? सांबर पुढं पळत होता ना.”

हे सांबर म्हणजेच त्यांचं आयुष्य. वडील लहानपणी एकच गोष्ट सांगायचे. दोन भाऊ शिकारीला गेले. त्यांना एक नर हरीण दिसलं, शिंगांच्या मधोमध सूर्य असलेलं. ते त्याच्या मागे लागले. हरीण दिसायचं, हातातोंडाशी यायचं, पुन्हा पुढे जायचं. नद्या ओलांडल्या, दलदली ओलांडल्या, आपला मुलूख मागे राहिला. शेवटी एका अनोळखी हिरव्या प्रदेशात ते हरीण नाहीसं झालं. भावांनी खूप शोधलं. “मग ते तिथंच राहिले,” असं म्हणून वडील कंदील बारीक करायचे. त्या दोन भावांपासून पुढे त्यांचे लोक झाले, अशी तिकडची समजूत.

ताईंनी त्या हरणाचं सांबर केलं, कारण त्यांनी हरणांपैकी तेवढंच जवळून पाहिलं होतं. त्याच्यावर मोठ्या वाद्यवृंदासाठी चार भागांची रचना करायला घेतली आणि त्यात अर्धं आयुष्य गेलं. तीन भाग झाले होते. चौथा होत नव्हता.

“पळणं वाजवता येतं डॉक्टर, शोधणं वाजवता येतं, हरवणं तर कुणीही वाजवील,” एकदा पावट्याच्या शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या. “पण ‘तिथंच राहिले’ कसं वाजवायचं? राहण्याला आवाज असतो का?”

मला काय कळणार! मी म्हणालो, “गाय गोठ्यात नीट रुळली की रवंथाचा आवाज येतो.” त्यांनी शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं आता खोली खाली करावी लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दवाखान्यात हजर. “तुमचा तो कानात घालायचा द्या.”

एका म्हाताऱ्याची गाय तपासायला आली होती. ताईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि गायीच्या डाव्या कोपराच्या मागे, काळजाच्या जागी टेकवला. डोळे मिटले. म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, “मोठ्या डॉक्टरीन हायेत का?” मी मानेनं हो म्हटलं. किती वेळ त्या तशा वाकून उभ्या होत्या कोण जाणे. मग त्यांनी पोट ऐकलं, त्यातली गडगड ऐकली, आणि सरळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा झाला होता. “आत केवढा मोठा घर हाय हो तिच्या!” त्या म्हणाल्या. मी इतकी वर्षं गायींची पोटं ऐकतोय, त्यात मला गॅस आणि अपचन याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दोन मिनिटं जास्त ऐकायला लागलो. रोग्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, मला झाला.

सांबराचा आवाजही त्यांनी माझ्याच गळ्यात मारला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत शेळ्यांना लस टोचायला जायचं होतं. ताई गमबूट घालून मोटारसायकलवर मागे बसल्या, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझी लशींची पेटी. पहाटे धुकं होतं. वाडीच्या वर, रानाच्या तोंडाशी आम्ही थांबलो आणि अचानक वरून “ढाँक!” असा आवाज आला. भल्या मोठ्या रिकाम्या पिंपावर कुणी बुक्की मारावी तसा. माझ्या हातातला थर्मास पडला. सांबरानं आमचा वास घेऊन इशारा दिला होता. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. “बाबांनी हा ऐकलाच नव्हता,” त्या पुटपुटल्या. “बिचारे, बिन आवाजाचंच हरीण सांगत राहिले.”

शेजारच्या काकीला मात्र या सगळ्याचं कौतुक नव्हतं. काकी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, म्हणणारी. तिच्या धवल्यांशिवाय आसपासच्या दोन-चार गावांत हळद लागत नसे. ताईंनी व्हायोलिन काढलं की कुंपणापलीकडून आवाज यायचा, “अगो, थांबव तुजा तो तिकडचा रडगाना! कोंबड्या अंडी देत नाय माज्या.” ताई उलट ओरडायच्या, “तुज्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात!” असं रोज. आणि रोज संध्याकाळी काकीकडून वाटीभर कालवण कुंपणावरून यायचं. काकी दिवसातून एकदा तरी ‘तिकडचा’ म्हणायचीच. तिकडचा रंग, तिकडचा राग, तिकडचा हट्ट. ताई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. त्यांचा जन्म त्याच घरातला, तिकडं त्या एकदाही गेल्या नव्हत्या. पण बाजारात नवीन माणूस भेटला की “तुमी मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न ठरलेला आणि ताईंचं उत्तरही ठरलेलं, “चिंचेजवळच्या.”

ती रचना त्यांनी कधीच ऐकली नव्हती. एवढे कागद, एवढी वाद्यं, आणि सगळं फक्त डोक्यात. मुंबईतल्या एका वाद्यवृंदाच्या लोकांना त्यांनी कागद दाखवले होते. त्यांनी चहा पाजला, आदरानं बोलले आणि थोडक्यात काहीतरी करून आणा म्हणाले. “एकदा,” ताई म्हणायच्या, “एकदा माणसांच्या तोंडून वाजलेली ऐकली ना, की चौथा भाग मला आपोआप सापडेल.” हे त्या इतक्या साधेपणानं म्हणायच्या की मला भीती वाटायची. सत्तरीच्या माणसाच्या तोंडी ‘एकदा’ हा शब्द मोठा जड असतो.

मग सापगावच्या बँडचे मास्तर एका लग्नाची सुपारी आटोपून परत जाताना ताईंकडे पाणी प्यायला थांबले. शहापूर-मुरबाड पट्ट्यात या बँडचं एके काळी नाव होतं. मास्तर स्वतः सनईच्या तोडीचं क्लॅरिनेट वाजवायचे. पण आता पोरांना डीजे हवा. मास्तर पायरीवर बसून म्हणाले, “ताय, ह्या सीझनला शेवटचा. मंग पितळ कल्याणच्या व्यापाऱ्याला देऊन टाकनार. ठेवून काय करू? पोरांना फुकायला दम नाय नि लोकांना ऐकायला टाइम नाय.”

ताईंनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. “विकायच्या आधी माझा वाजवा,” त्या म्हणाल्या. “एकदा वाजवा, दादा. मंग खुशाल विका.”

तीस वाद्यांचं बारा-तेरा वाद्यांवर आणायचं काम त्यांनी कसं केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि अजून माझा विश्वास बसत नाही. तारांवरचे कागद उतरले, नवे चढले. चुलीवर भात करपला, माझ्या खोलीचा गेलेला दिवा सांगूनही पंधरवडाभर बदलला गेला नाही. सांबराची हाक बँडमधल्या सगळ्यात जाड भोंग्याला मिळाली. तो वाजवणारा माणूस एरवी आसनगावला गोदामात हमाली करायचा. त्याला त्या हाकेशिवाय दुसरं काही वाजवायचं नव्हतं, पण ती वाजवायला तो रविवार बुडवून यायचा.

दर रविवारी टेम्पोतून मंडळी खालच्या हंगेरीवर उतरायची. भात कापून झालं होतं, खळं सारवून मोकळं होतं. ताईंनी मांडववाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून अर्धगोलात मांडल्या, कारण वाद्यवृंद तसाच बसतो. समोर स्वतः उभ्या राहिल्या, हातात चिव्याच्या बारीक बांबूची काठी. “एज, केत्तो, हारोम, नेज!” त्या मोजायच्या. एक-दोन-तीन-चार वडलांच्या भाषेत. त्याशिवाय त्यांना मोजताच येत नसे. ढोलवाल्यानं ते इतकं पक्कं उचललं की मधल्या काळातल्या एका हळदीत त्यानं “एज, केत्तो” म्हणूनच गाणं सुरू केलं आणि नवऱ्याकडचे लोक बघत राहिले.

पण वाजेना. सूर लागत होते, मास्तरांनी एकेकाला घोटून घेतलं होतं, तरी चार ओळी गेल्या की गाडं घसरायचं. ढोल एकीकडे, झांज दुसरीकडे, क्लॅरिनेट कुठंतरी ओढ्यापलीकडे. ताई आधी समजावायच्या, मग चिडायच्या, मग काठी फेकायच्या. एका रविवारी त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “माझाच चुकला असंल,” त्या म्हणाल्या. “लिवण्यातच चुकला असंल.” त्यांच्या तोंडून हे ऐकणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं चहा घेऊ या.

चहाची टपरी फाट्यावर. मंडळी उठली आणि वाद्यं गळ्यात तशीच घेऊन बांधावरून निघाली. ढोलवाला पुढे. त्याला राहवेना म्हणून त्यानं चालता चालता पहिल्या भागाची सुरुवात धरली. ट्रम्पेटवाल्यानं गंमत म्हणून साथ दिली, मग झांज, मग मास्तर. आणि आम्ही मागे राहिलेल्या दोघांनी ऐकलं की ते बरोबर वाजत होतं. चार ओळी गेल्या, आठ गेल्या, सूर एकमेकांत अडकून एका दमात बांधावरून पुढे चालले होते. माझ्यासारख्या दगडालाही कळलं. काहीतरी मोठं चार पायांवर उठून उभं राहिलं आणि चालू लागलं, असं मला वाटलं.

ही मंडळी जन्मात कधी बसून वाजवत नव्हती. वरात चालते, बँड चालतो. त्यांचा ताल पायांत होता आणि ताईंनी त्यांना खुर्च्यांवर बसवलं होतं. ताई उभ्या राहिल्या, गमबूट काढून फेकले आणि अनवाणी त्यांच्या मागे पळत सुटल्या. सत्तरीची बाई, धसकटांतून! “थांबू नका रे! चहा ऱ्हाऊ दे, चाला!”

खुर्च्या परत गेल्या. ताईंनी सगळं पुन्हा बांधलं, या वेळी चालण्याच्या हिशोबानं. खळ्यावरून निघायचं, ओढा ओलांडायचा, शेतांतून चढत रानाच्या कडेपर्यंत जायचं, जिथून समोर सिद्धगड दिसतो. ऐकणाऱ्यांनीही चालायचं. “गोष्टच चालण्याची हाय,” त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “नि मी बाबांना इतकी वर्षं खुर्चीत बसवून ठेवला!”

चौथा भाग मात्र तरीही सापडला नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं होतं की रानाच्या कडेला सांबराची शेवटची हाक होईल, वाद्यं एकेक करून गप्प होतील आणि तिथंच संपेल. ‘राहिले’ हा शब्द गाळायचा. ते सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मास्तरांना हे पटलं नाही. “वरात पोचनार कुठं, ताय?”

“कुठंच नाय. रानात संपनार.”

“असा कसा? दारात न्यायला लागते. रानात वाजाप खाली ठेवला तर बरा नसतो.”

“वरात नाय ही, दादा,” ताई म्हणाल्या आणि विषय संपला. निदान त्यांना तसं वाटलं.

शेवटी ज्या रविवारी ते सगळं वाजलं, त्या रविवारचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. गेल्या वर्षी माझी पुन्हा बदली झाली, बँडचं पितळही बोलल्याप्रमाणे कल्याणला गेलं, तेवढं रेकॉर्डिंग राहिलंय. त्यात निम्मा वेळ माझ्याच धापा ऐकू येतात, मधे एक कुत्रं येतं, आणि ओढा ओलांडताना मी चक्क शिवी दिली आहे. तरी मी ते ऐकतो.

ऊन कलत असताना आम्ही निघालो. गावातली वीस-पंचवीस माणसं, बुद्धवाडीतली ताईंची मामेभावंडं, बाकी रिकामी शेतं. पुढे बँड, त्यांच्यासमोर ताई, अनवाणीच, पाठ रानाकडे आणि तोंड वाद्यांकडे करून, उलट्या चालत होत्या. एकदाही अडखळल्या नाहीत. पहिल्या भागात ते जनावर दिसलं. मी खरंच सांगतो, दिसलं. दुसऱ्या भागात ओढा आला आणि पाण्यात पाय पडताच ढोल मंदावला, वाद्यांतून दोन भावांच्या हाका एकमेकांना लांबून ऐकू येऊ लागल्या. माझ्या शेजारी चालणारा एक म्हातारा पदोपदी पाया पडत होता, कुणाच्या ते त्यालाही माहीत नसावं. तिसऱ्या भागात चढ लागला, वाजवणाऱ्यांना धाप लागली आणि ती धापही संगीतातच लिहिलेली होती. सुरू झालं तेव्हा मी घड्याळ बघत होतो. नंतर घड्याळाची आठवण राहिली नाही. एका माणसाच्या डोक्यात, त्या पत्र्याच्या घरात, दूध उतू जाताना, हे एवढं सगळं इतकी वर्षं मावलं कसं?

रानाची कड आली. सिद्धगडावर उजेड तांबूस झाला होता. हमालानं छाती भरून घेतली आणि भोंग्यातून हाक दिली. “ढाँक!” डोंगरानं ती परत पाठवली. एकेक वाद्य गप्प झालं. ताईंनी काठी खाली केली. त्यांचे गाल ओले होते. त्यांनी ऐकलं होतं. एकदा ऐकलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते नव्हतं. त्या रानाकडे बघत होत्या, वाट चुकलेल्या माणसासारख्या.

बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाद्यं कुणीही गळ्यातून काढली नाहीत. मग ढोलवाला हळूच म्हणाला, “एज, केत्तो, हारोम, नेज,” आणि त्यानं ठेका धरला. मास्तर मागे वळले. पहिल्या भागाची ती घाट उतरणारी चाल त्यांनी वरातीच्या संथ लयीत उचलली आणि सगळा बँड गावाच्या दिशेनं निघाला.

“थांबा!” ताई ओरडल्या. “संपला! अरे, संपला ना!”

कुणी ऐकेना. ऐकूच जात नव्हतं. ताई रागानं लाल झाल्या, चार पावलं त्यांच्या मागे धावल्या, मग नुसत्या चालू लागल्या. मी शेजारी होतो. शेतं मागे गेली, ओढा गेला, बाजार आला. दुकानातली माणसं बाहेर आली. वरात बघितली की माणूस निघतोच. “नवरा कोन?” कुणीतरी विचारलं. “हंगेरीवाले,” दुसऱ्यानं सांगितलं, आणि तेवढं पुरे असल्यासारखे ते दोघेही मागोमाग चालायला लागले.

चिंचेपाशी वळून बँड वरच्या हंगेरीच्या दारात आला. तिथं त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. दोन रांगा केल्या, समोरासमोर तोंडं केली आणि मधून वाट सोडली. ती वाट नवऱ्याची असते. वाद्यं थांबली. वाटेच्या या टोकाला ताई एकट्या उभ्या, अनवाणी, पायांना चिखल. आपल्याच दाराकडे त्या अशा बघत होत्या की जणू ते आज बांधून झालंय.

बँड दारात थांबला की धवलारीण बाहेर येते, हाही रिवाजच. काकी भाकऱ्या टाकत होती. पिठाचे हात तसेच, एका हातात तांब्या, एका हातात भाकरीचा तुकडा घेऊन ती कुंपणावरून आली, दारात उभी राहिली आणि तिनं धवला सुरू केला. म्हातारा, चिरका, किंचित कापरा आवाज. धवलाही वरून सुरू झाला आणि पायरी पायरीनं खाली येत गेला. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि मुळीच न शोधता ताईंची चाल त्या आवाजाखाली ठेवली. दोन्ही चाली एकत्र उतरत आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या. ताईंचा हात हवेत वर झाला, तोच पोस्टमनला थांबवणारा तळहात.

काकीनं भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळून लांब टाकला. तांब्यातलं पाणी त्यांच्या चिखलाच्या पायांवर ओतलं.

“उभी काय ऱ्हायलीस गो?” ती म्हणाली. “ये आत. पावना हायेस का तू?”

ताईंनी उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं. आत गेल्या आणि तिथंच, तारांवरच्या कागदांखाली, जमिनीवर बसल्या. मी वाकून आत डोकावलो. मला वाटलं चक्कर आली असेल, मी डॉक्टर आहे, गुरांचा का असेना. पण त्या हसत होत्या. दोन्ही हातांनी तोंडावरचं पाणी पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, पहिल्या अक्षरावर नेमका जोर देत म्हणाल्या,

“मग ते तिथंच राहिले.”